वाघाची वाट आणि तेंदूचे पान



चैत्र-वैशाखात उन्हे उतरली की आपण व्याख्याने ऐकावयास जमतो. नेमक्या याच दिवसांत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील हजारो स्त्रीपुरुष दिवस उजाडण्यापूर्वी रानात शिरलेले असतात. आधी मोहाची फुले वेचावयाची आणि मे महिना लागला की तेंदूची पाने तोडावयाची. त्या पानांची पुढे विडी होते. मी तीस वर्षे विडी कामगारांच्या संघटनेत काम करीत आलो. विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीचा हिशेब मला तोंडपाठ होता. परंतु ते पान कोठून येते, कोण तोडते आणि तोडताना तिच्यावर काय प्रसंग गुदरतो, याची चौकशी मी फार उशिरा केली. ती करू लागलो तेव्हा मला वाघाचा इतिहास वाचणे भाग पडले. शाळेची पायरी मी फारशी चढलो नाही. जे वाचले ते रात्रीच्या गाडीत आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा पांडित्याची अपेक्षा माझ्याकडून करू नये.

वाघ वाचवावयाचा तर त्याचे जंगल राखले पाहिजे, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. परंतु एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची त्याची वाटही राखली पाहिजे, हे आपल्या राज्यकर्त्यांना उमगण्यास अर्धशतक लागले. आणि ही वाट ज्यांच्या शेतांतून, कुरणांतून, मोहाच्या झाडांखालून जाते, त्या माणसांना वगळून ती राखता येणार नाही, ही गोष्ट तर अजून पुरती उमगलेली नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. हे नाव एका देवाचे आहे, आणि तो देव मुळात माणूस होता. गोंड लोक सांगतात की तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले आणि पौष महिन्यात तेथे जत्रा भरू लागली. वाघाने मारलेल्या माणसाचेच नाव वाघांच्या जंगलाला मिळाले. लोकांनी तारूला देव केले, पण त्यासाठी वाघाचा निर्वंश करण्याचा पण केला नाही. दोघांनी एकाच रानात राहावयाचे, कधी तो भारी तर कधी आपण, हा जुना व्यवहार या कथेत दिसतो. तो गोड नव्हता. परंतु त्यात दोन्ही पक्षांना जागा होती.

हा व्यवहार मोडला तो एकोणिसाव्या शतकात. आगगाडी आली. रुळांखाली घालावयास लाकडी स्लीपर हवे होते, आणि मध्यप्रांतातील साग-सालाची जंगले त्यासाठी मोजली जाऊ लागली. 1870 नंतर वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली. 1878 च्या कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि काल जो गोंड रानाचा धनी होता, तो आज सवलतीवर सरपण आणणारा ठरला. त्याच सरकारातून वाघ मारणाऱ्याला बक्षीस मिळे. साहेब आणि संस्थानिक मचाणावर बसत, आणि हाका घालावयास गावचे लोक लावले जात. माणूस आणि वाघ हे दोघेही त्या काळात एकाच वेळी आपल्या घरात परके झाले, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे त्यांची भांडणे लागली ती या घटनेनंतरची आहेत.

ताडोब्यात शिकारीला बंदी झाली ती 1935 मध्ये. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षी कान्हाही झाले. त्या वेळी चांदा जिल्हा आणि कान्ह्याचा मंडला जिल्हा एकाच राज्यात होते. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि ही दोन्ही उद्याने नागपुरास बसणाऱ्या सरकारच्या कारकिर्दीतली. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. भाषावार राज्याची चळवळ न्याय्य होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी पेंच नदीच्या रानातून राज्याची सीमा गेली, अलीकडे एक वनखाते आणि पलीकडे दुसरे झाले. वाघाला सीमेची दगडी खूण वाचता येत नाही. तो आपल्या बापजाद्यांच्या वाटेने जात राहिला.

नंतरचा काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 1969 मध्ये निसर्गरक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद दिल्लीत भरली आणि वाघाची स्थिती जगापुढे आली. 1972 च्या मोजणीत देशात 1,827 वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1 एप्रिल 1973 रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने व्याघ्रप्रकल्प सुरू केला. आरंभी नऊ जंगले निवडली. महाराष्ट्रातील मेळघाट त्यांत एक. कैलास सांखला हे या प्रकल्पाचे पहिले संचालक. शिकार थांबली, गाभ्यातील झाडतोड थांबली, वाघ वाढले. हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु विचार होता तो बेटांचा. नऊ बेटे आखली, त्यांवर पहारा बसविला, आणि दोन बेटांच्या मधले रान हे जणू कोणाचेच नाही असे धरले गेले. त्या मधल्या रानात धरणे आली, कालवे आले, खाणी आल्या, रस्ते रुंदावले. विशेष म्हणजे बेटांचा धोका त्यापूर्वीच शास्त्रात सांगितला गेला होता. मॅकआर्थर आणि विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये एक ग्रंथ लिहून दाखविले की बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितके त्यावरील प्राण्यांचे प्रकार कमी राहतात. समुद्रातल्या बेटाला जे लागू, ते शेतांनी वेढलेल्या जंगलालाही बऱ्याच अंशी लागू पडते.

वाघाच्या बाबतीत हे कसे घडते ते साध्या शब्दांत सांगतो. वाघाचा बच्चा दीड-दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. बापाच्या मुलखात त्याला थारा नसतो. त्याला नवे रान शोधावेच लागते. वाट मोकळी असेल तर तो दूरच्या जंगलात जाऊन घर मांडतो आणि तेथील रक्तात नवे रक्त मिसळते. वाट बंद असेल तर तो मारामारीत मरतो, नाही तर गावाच्या कडेला गुरे मारू लागतो. आणि बेटात जे उरतात त्यांची सोयरीक आपसातच होत राहते. ओडिशातील सिमिलीपालचे उदाहरण घ्या. तेथील कितीतरी वाघांचे काळे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळले आहेत, आणि ते वाघ काळेच दिसतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखविले की हा एका जनुकातील बदलाचा परिणाम असून, सिमिलीपालचे वाघ इतरांपासून तुटून थोडेच उरल्यामुळे तो तेथे इतका पसरला. लोक काळा वाघ पाहून हरखतात; जाणत्याला त्यात कोंडलेले घराणे दिसते.

राजस्थानातील सरिस्क्याची कथा अधिक उघड आहे. 2005 मध्ये कळून चुकले की व्याघ्रप्रकल्प म्हणून मिरविणाऱ्या सरिस्क्यात एकही वाघ उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते रान रिकामे केले होते. पूर्वीच्या काळी असे झाले असते तर शेजारच्या रणथंबोरचे तरुण वाघ हळूहळू चालत येऊन ते रान भरून काढते. पण मधली वाट तुटलेली होती. शेवटी 2008 मध्ये रणथंबोरचा वाघ बेशुद्ध करून हेलिकॉप्टरने सरिस्क्यात न्यावा लागला. जे काम वाघाचे चार पाय फुकट करीत होते, त्यासाठी सरकारला विमान उडवावे लागले.

सरिस्क्याच्या धक्क्याने दिल्ली हलली. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृतिदल नेमले गेले. त्याचा 2005 चा अहवाल मी दोनदा वाचला, कारण जंगलातल्या माणसाला शत्रू करून वाघ वाचणार नाही, हे सरकारी कागदावर इतके स्पष्ट लिहिलेले मी प्रथमच पाहत होतो. नंतर 2006 साल आले, आणि ते वर्ष माझ्या मते या इतिहासाचे मर्म आहे. त्या एका वर्षात दोन कायदे संमत झाले. वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले, आणि व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या जमिनीचा विचार प्रथमच कायद्यात आला. दुसरा कायदा वनहक्काचा. पिढ्यान् पिढ्या रानात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्यात कबूल करून त्यांना जमिनीचे व सामूहिक वनाचे हक्क दिले. एक कायदा वाघाच्या वाटेचा, एक माणसाच्या भाकरीचा. दोन्ही एकाच वर्षाची भावंडे. पण ती वेगवेगळ्या खात्यांच्या घरी वाढली आणि एकमेकांची ओळख त्यांना कोणी करून दिली नाही. 2014 मध्ये प्राधिकरणाने व वन्यजीव संस्थेने देशातील 32 मुख्य संचारमार्गांचे नकाशे काढले. नकाशावर हिरवे पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांत कोण राबते, हे नकाशात दिसत नाही.

वाटेला पहिला अडथळा रस्त्याचा. नागपूरहून उत्तरेस जाणारा पूर्वीचा सात क्रमांकाचा आणि आताचा 44 क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या रानातून जातो. कान्हा-पेंचची सारी ये-जा त्या भागावर अवलंबून. चौपदरी करण्याचा बेत झाला तेव्हा वर्षानुवर्षे वाद चालला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली; त्यांतील मोठ्या वाटा सुमारे 750 मीटर रुंदीच्या आहेत. पुष्कळांनी थट्टा केली की वाघ काय पाटी वाचून पुलाखालून जाणार आहे? 2019 च्या मार्च ते डिसेंबरमध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत 18 जातींचे वन्यप्राणी आणि 11 निरनिराळे वाघ टिपले गेले. वाट ठेवली की जाणारा जातो. पण तसा पूल जेथे नाही तेथे काय होते, हेही आपण पाहिले. नोव्हेंबर 2018 मध्ये गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर चंद्रपूर जिल्ह्यात गाडीखाली सापडून वाघाचे तीन बछडे मेले.

त्याच 2019 सालचा एक प्रवासी सांगण्यासारखा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अभयारण्यातला एक तरुण नर. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता म्हणून त्याची चाल कळली. पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला, तेलंगणात शिरला, परत फिरला, कापसाच्या शेतांतून, ओढ्यांच्या काठांनी, रस्ते आणि रूळ ओलांडीत पाच महिन्यांत सुमारे 1,300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढील चाल धरली तर 3,000 किलोमीटरांवर भरली. ज्ञानगंगेत त्याला रान मिळाले, भक्ष्य मिळाले. वाघीण मात्र नव्हती. माझ्या मनात यातली एक गोष्ट राहिली. इतक्या वाटेत तो शेकडो गावांच्या शिवारांतून गेला असेल. रात्री तूर राखणारा शेतकरी आणि तो वाघ कितीदा शे-दोनशे पावलांवर असतील. त्या गावांनी त्याला बव्हंशी जाऊ दिले. हे कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात लिहिलेले नाही, आणि वाघ पोहोचला तो त्याच्याच बळावर.

आता माझ्या स्वतःच्या पक्षाकडे वळतो. ताडोब्याच्या सीमेजवळ लोहारा येथे कोळशाची खाण व्हावयाची होती. 2009 मध्ये चंद्रपुरात तिच्याविरुद्ध उपोषण झाले, आणि पुढे केंद्राने तिची वाट अडविली. त्या वेळी मी कोठे होतो? मी खाणीच्या बाजूने होतो. खाण म्हणजे कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला याहून गोड काय लागणार? एका सभेत मी वाघाला श्रीमंतांचा छंद म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. त्या टाळ्यांची मला आज लाज वाटते. खाणीची गरज खोटी होती असे मी म्हणत नाही. चंद्रपूरच्या कोळशावर आपल्या घरांतले दिवे लागतात. परंतु खाणीने रान तुटले की त्या रानातला वाघ नाहीसा होत नाही. तो खाणीच्या ढिगाऱ्यांत आणि वीजकेंद्राच्या झुडपांत राहू लागतो. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रातील एक कामगार रात्रीची पाळी संपवून सायकलीवर घरी जात असता वाघाने त्याला मारले. तो वाघ श्रीमंताचा छंद नव्हता, आणि मेला तो माझा कामगार होता.

मरणारी माणसे कोण, हे पाहिले पाहिजे. 10 मे 2025 रोजी सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यापूर्वी 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेची पाहणी करणारी एक महिला वनरक्षक वाघिणीने मारली. वाघ मोजणारी, पान तोडणारी, मोह वेचणारी, गुरे राखणारा: साऱ्या मृत्यूंत मजुरी हा एक समान धागा आहे. सिंदेवाही-ब्रह्मपुरीचा पट्टा हा ताडोब्याहून उत्तरेस व पूर्वेस जाणारी वाघाची वाट आहे. महाराष्ट्रात 2022 च्या गणनेत 444 वाघ निघाले, देशात 3,682. आणि देशातील सुमारे तीनातला एक वाघ व्याघ्रप्रकल्पांबाहेर राहतो. म्हणजे तो कोणाच्या तरी कामाच्या जागी राहतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी त्या पट्ट्यातील एका फळीवर गेलो होतो. फळी म्हणजे पानांचे पुडे मोजून घेण्याची जागा. मला वाटले होते, दराची तक्रार ऐकू येईल. दराची होतीच, शेकड्यामागे जास्तीचे पुडे घेतात, वाळलेले म्हणून बाद करतात, हेही होते. पण एक म्हातारी म्हणाली, "बाबू, भाव तं वाढवच, पण उजाडल्यावर रानात गेलं तरी पोट भरंल असं काही कर." मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. दुपारपर्यंत पान तोडून आणावयाचे, सावलीत बसून पुडे बांधावयाचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यावयाचे. मजुरी पुड्यावर. जितके लवकर निघाल तितके पान जास्त. म्हणून अंधारात निघावयाचे. वाघाचीही फिरण्याची वेळ तीच. त्यात पान तोडणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जंगलखात्यातील जुने लोक सांगतात. तेव्हा तिला अंधारात रानात ढकलणारा कोण? वाघ नव्हे; नगावरचा दर. विडी कामगारांसाठी मी आयुष्यभर ज्या दराशी भांडलो, तोच दर या वाटेच्या दुसऱ्या टोकाला उभा होता आणि मला दिसला नव्हता.

अशा ठिकाणी वाघाबद्दल राग साठतो. रानडुकरापासून पीक राखण्यासाठी शेतकरी कुंपणात वीज सोडतो, आणि त्या तारेत वाघही मरतो. त्या शेतकऱ्याला खाटीक म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या पिकाचा पंचनामा महिनोन् महिने होत नाही, त्याने वाघाची वाट का राखावी, याचे उत्तर आपण शहरवासीयांनी दिले पाहिजे.

उत्तर शोधणारी गावे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे छोटे गाव आहे. 2012 मध्ये त्या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,006 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळताच ग्रामसभेने काय केले? बांबू स्वतः तोडून, स्वतः विकून मजुरी मिळविली. आणि तेंदूपत्ता बंद केला! कारण पान चांगले फुटावे म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि त्याने जंगल मरते, असे त्यांनीच ठरविले. शिवाय सुमारे 34 हेक्टरांचा एक तुकडा प्राण्यांसाठी म्हणून हात न लावता राखला. विडी कामगारांच्या कार्यकर्त्याने तेंदू बंद करणाऱ्या गावाचे कौतुक करावे, यात तुम्हाला विसंगती वाटेल. मलाही वाटली. पण हे पाचगावच्या मजुरांनी कोणाच्या हुकमाने केले नाही. बांबूचे पैसे हातात आल्यावर त्यांना उद्याचा विचार करता आला. उपाशी माणसाला तो करता येत नसतो.

तेव्हा माझे मागणे असे आहे. रस्ते व लोहमार्ग होणारच असतील तर पेंचप्रमाणे आधी वाट, मग डांबर. त्याचा खर्च हा मूळ खर्चाचा भाग धरावा. संचारमार्गातील गावांना 2006 चे दोन्ही कायदे एकदम लागू करावे. एक दाखवून दुसरा लपवू नये. तेंदू आणि मोहाच्या हंगामात उजाडण्यापूर्वी कोणाला रानात जावे लागू नये असा दर आणि अशी मोजणीची वेळ असावी, टोळीबरोबर राखणदार असावा, आणि तो गावचाच पगारी माणूस असावा. रोजंदारीवरचे वनमजूर कायम करावे. यात वाघावर उपकार नाही आणि मजुरावरही नाही.

आपल्या शहरापासून ते रान दूर आहे हे मी जाणतो. पण तेथला कोळसा, तेथला बांबू, तेथले पान आपल्यापर्यंत येते. ज्या वाटेने ते येते तिच्यावर तारूचे ठाणे आहे. आता त्या ठाण्यात आणखी माणसांना देव करण्याची पाळी येऊ नये, एवढे आपण पाहावे.